अप्पांच्या टिकल्या

अप्पांचे हात कापत नसत आणि याचा त्यांना गर्व होता. उतारवयात माणसाला कशाचा तरी गर्व असतोच. कुणाला दातांचा असतो, कुणाला जावयाचा. अप्पांना हातांचा होता. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायची, श्वास रोखायचा आणि ती जागेवर बसली की मगच सोडायचा, असा तो धंदा. तिथे हात थरथरणाऱ्याचं कामच नाही.

मग लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून ठेवली आणि ते खिशातल्या फोनमध्ये वेळ बघायला लागले. दुकान बंद झालं. पाठोपाठ अप्पांची बायको गेली. एक दुःख पुरतं कळायच्या आत दुसरं दारात. अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच.

बसले म्हणजे अगदी बसले. जेवायला हाक मारली की उठायचे, दोन घास पोटात ढकलायचे आणि परत खुर्चीत. मांडीवर पेपर उघडा, पण पान सकाळचं तेच संध्याकाळी. मुलानं काही विचारलं की 'हं' म्हणायचे. सुनेनं विचारलं की 'हं हं' म्हणायचे, कारण सुनेचा मान जास्त. मुलगा कारखान्यात पाळीवर जायचा, सून वनस्पतींच्या संशोधन संस्थेत. दिवसभर घरात अप्पा आणि खुर्ची, दोघंच. मुलगा काळजी करायचा, सून चिडायची. काळजी तीही करायची, पण तिची काळजी चिडूनच बाहेर पडे.

एके दिवशी ही सून संस्थेच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून घरी आली. प्लास्टर कोपरापर्यंत. पण बाई रडत होती ती वेगळ्याच कारणानं.

"माझी पानं आत्ता कापायला आलीत," ती नवऱ्याला सांगत होती. "आत्ता नाही कापली तर सगळी लावणी फुकट. डाव्या हातानं मला सही करता येत नाही, पानं काय कापणार मी?"

"दुसरं कुणी नाही का?"

"ज्याला त्याला आपापलं काम आहे. आणि जो येईल तो पानं फाडून ठेवेल."

"मग अप्पांना ने," मुलगा म्हणाला. म्हणाला तो गमतीत. पण त्याच वेळी अप्पा नखकात्री घेऊन सुनेच्या प्लास्टरच्या कडेला टोचणारा एक दोरा कापत होते आणि तिच्या कातडीला कात्रीचा गार स्पर्शसुद्धा झाला नव्हता. तिनं खाली पाहिलं. दोरा गेलेला होता. ती रडायची थांबली.

"अप्पा," ती म्हणाली, "याल का?"

"हं हं," अप्पा म्हणाले. सवयीनं म्हणाले, पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

संस्थेत तिच्या दोन खोल्या होत्या. खोल्या कसल्या, उभी कपाटंच ती, माणूस आत शिरून वळू शकेल एवढीच जागा. एकीत छताला दिव्यांची इतकी गर्दी की आत पाऊल टाकताच डोळे बारीक व्हावेत. दुसरीत मंद उजेड, पडदे ओढलेल्या घरासारखा. दोन्हीकडे कुंड्यांमध्ये घेवड्याची रोपं ओळीनं उभी.

"बी एकाच पिशवीतलं," सून सांगू लागली. "माती तीच, पाणी तेच. फरक फक्त उजेडाचा. आता पानात एक एन्झाइम असतं, अप्पा. हवेतला कार्बन पकडायचा आणि त्याची साखर करायला घ्यायची, हे त्याचं काम. रुबिस्को म्हणतात त्याला."

"बिस्किटासारखं नाव आहे."

"सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली आणि हसली. अप्पांनी बऱ्याच दिवसांत कुणाला हसवलं नव्हतं. "त्यांना कामगार समजा. भरपूर उजेडात वाढलेलं पान हे कामगार भरपूर ठेवतं. मंद उजेडात वाढलेलं पान म्हणतं, कामच कमी येतं, तर एवढी माणसं पोसायची कशाला? मग ते थोडेच ठेवतं, आणि जी काही ऐपत असेल ती उजेड पकडणाऱ्या हिरव्या रंगावर खर्च करतं. ही बघा मंद खोलीतली पानं. पातळ आहेत, पसरट आहेत."

अप्पांनी पान बोटांमध्ये धरून पाहिलं. खरंच पातळ होतं.

"आणि याला मग उजेडात आणलं तर?"

"तेच तर मला मोजायचंय." सुनेचे डोळे चमकले. "नवं फुटणारं पान नव्या उजेडाची तयारी करूनच येतं, त्याचं काही नाही. पण जे अंधारात वाढून पक्कं झालंय, ते उजेडात आल्यावर नवे कामगार भरतं का, की त्याचं जे ठरलं ते कायमचं ठरलं? प्रश्न जुन्या पानाचा आहे."

अप्पांनी मान डोलावली. प्रश्न त्यांना आवडला, का ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

काम असं होतं. कागदाला भोक पाडतात तसल्या पंचनं पानातून एक गोल तुकडा कापायचा. कपाळावरच्या टिकलीएवढा, म्हणून सगळे त्याला टिकलीच म्हणत. टिकली कापली रे कापली की ती नळीत टाकून नळी थर्मासमध्ये सोडायची. थर्मासमध्ये द्रव नायट्रोजन, बर्फ ज्याच्यापुढे गरम वाटेल इतका गार, वरून नुसता पांढरा धूर. त्यात टिकली पडली की आहे तशी गोठते.

"हे कामगार उजेडात जागे असतात," सून म्हणाली, "आणि उजेड कमी झाला की पेंगायला लागतात. म्हणून कापल्यावर अजिबात वेळ घालवायचा नाही. पान उजेडात असताना जेवढे जागे होते तेवढेच मला सापडले पाहिजेत. आणि शिर टाळा. दोन शिरांच्या मधली जागा बघून कापा."

अप्पांनी शर्टाच्या खिशातून आपलं घड्याळजीचं भिंग काढलं. दुकान बंद झाल्यापासून ते खिशातच होतं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भिंग डोळ्याला लावून ते पानावर वाकले. शिरा दिसल्या, शिरांच्या शिरा दिसल्या. अप्पांनी जागा हेरली, श्वास रोखला आणि पंच दाबला. टिकली कापली जाते न जाते तोच नळीत, आणि नळी धुरात. सुनेनं काढून पाहिली. कड अशी स्वच्छ की बघत राहावं. एकही शिर नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं घड्याळात काय करत बसला होतात?"

त्या दिवसापासून घरातली खुर्ची रिकामी राहू लागली. सासरा आणि सून एकाच बसनं जायचे, एकाच बसनं यायचे. नळीवर नंबर घालायचं काम अप्पांनी आपण होऊन घेतलं. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आत बारीक खूण कोरायची त्यांची जुनी सवय. तसेच मुंगीच्या पायाएवढे आकडे ते नळीवर घालत आणि शेवटी आपली खूण, एक छोटासा काटकोन. संस्थेतलं भिंतीवरचं घड्याळ किती दिवस बंद होतं कोण जाणे. ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत चालू करून टाकलं, आणि उशिरा येणाऱ्यांची पंचाईत झाली. रात्री जेवताना ते बोलायला लागले. पान कसं श्वास घेतं, ते मुलाला समजावून सांगायचे. मुलगा एकदा म्हणाला, "अप्पा, ताटाकडे पण बघा." तर म्हणाले, "बघतोय. आणखी वाढ." सून-मुलगा एकमेकांकडे बघून गप्प बसले. बोलून दृष्ट लागायची.

पण आकडे बरोबर येईनात.

टिकली कुस्करून तिच्या रसातले कामगार किती काम करतात, ते एका यंत्रावर मोजत. मंद खोलीचे आकडे कमी यायचे, ते यायलाच हवे होते. पण भरपूर उजेडातल्या पानांचे आकडेही पडलेले. इतके पडलेले की दोन खोल्यांत फरकच उरेना. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंची जीभ धारदार होती.

"काय गं, तुझी उजेडातली झाडं झोपा काढतायत का?"

"बघतेय, बाई."

"बघ लवकर. हे असंच चाललं तर खोल्या दुसऱ्या कुणाला तरी देईन. रांग लागलीय."

अप्पांनी हे ऐकलं. सुनेनं दिवे तपासले, माती तपासली, रसायनं नवी मागवली. अप्पांनी आपल्या परीनं जे होतं ते केलं. त्यांनी आणखी जपून कापायला सुरुवात केली. आधी एका पानावर जेवढा वेळ वाकत, त्याच्या दुप्पट वाकू लागले. एकेक टिकली डोळ्यांत तेल घालून. आकडे आणखी खाली गेले.

मग एका सकाळी ते कापत असताना सून मागे येऊन उभी राहिली. अप्पांना ती आहे हे कळलं, पण भिंग लावलेलं असताना ते मान वळवत नसत. जागा हेरली, श्वास रोखला, कापलं, नळी धुरात सोडली. वळून बघतात तर ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पानाकडे बघत होती, मग दिव्यांकडे, मग परत पानाकडे.

"काय गं? चुकलं का काही?"

"नाही अप्पा. छान चाललंय."

आवाज नेहमीचा नव्हता. पण अप्पांना वाटलं, मनगट ठणकत असेल.

प्लास्टर निघालं तेव्हा अप्पा मनातून धास्तावले. आता ही म्हणणार, झालं अप्पा, उद्यापासून आराम करा. पण सून म्हणाली, "हाताला अजून जोर नाही माझ्या. या तुम्ही." अप्पांचा जीव भांड्यात पडला. फक्त आता ती बसनं एकटीच लवकर जायची आणि अप्पा मागाहून; परतायचे मात्र अप्पा आधी. आणि नवल असं की आकडे सुधारले. उजेडातली पानं एकदम कामाला लागल्यासारखी झाली. मोठ्या बाई येऊन सुनेच्या पाठीवर थाप मारून गेल्या. अप्पांनी जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला थांबवून सांगितलं, "आमचे आकडे आता बरोबर यायला लागले. चिकाटी लागते हो." शेजाऱ्याला काय कळणार, पण त्यानं मान डोलावली.

दोन-चार दिवसांनी नळीवर नंबर घालताना अप्पांच्या पेनाचं टोपण घरंगळून टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात पडलं. ते काढायला वाकले. डब्यात वापरून झालेले हातमोजे होते, कागदाचे बोळे होते, आणि त्याखाली नळ्या. झाकणं न उघडलेल्या नळ्या. अप्पांनी एक उचलली. तळाशी विरघळून काळपट पडलेली एक टिकली होती. नळीवर मुंगीच्या पायाएवढे आकडे आणि शेवटी छोटासा काटकोन. दुसरी उचलली. कालची होती. तिसरी परवाची.

त्यांनी सगळ्या पाहिल्या. एकही उघडलेली नव्हती.

आधी त्यांना लाज वाटली. राग नंतर आला, आधी लाजच. शेजाऱ्याला जिन्यात थांबवून सांगितलेलं आठवलं आणि कान तापले. मग त्यांच्या लक्षात आलं की सून रोज लवकर का येते. टिकल्या ती स्वतःच कापत होती. आणि त्यांना येऊ देत होती, कापू देत होती, नंबर घालू देत होती, आणि ते बसमध्ये चढले की सगळं डब्यात. त्यांनी नळ्या होत्या तशा परत ठेवल्या. ओळीतली उरलेली पानं कापून पूर्ण केली, कारण अर्धं काम टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. नंबर घातले. हात धुतले. घरी आले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, गुडघा दुखतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गुडघाच. मुलगा तेल घेऊन आला, तर त्याला "हं" म्हणाले. ताटात दोन घास राहू लागले. सुनेनं दोन दिवस मूग गिळले. तिसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली आणि खुर्चीसमोर उभी राहिली.

"अप्पा, उद्या याल ना?"

"कशाला? कचऱ्याचा डबा रिकामा पडलाय?"

ती मटकन समोरच्या स्टुलावर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

अप्पांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांना दुसरंच काही हवं होतं.

"चूक काय होती?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"माझी चूक. फेकून दिल्यास त्या दिल्यास. त्यात चूक काय होती, ते तरी कळू दे."

सुनेनं एकदा दाराकडे बघितलं, पळून जावं की काय अशा नजरेनं. मग म्हणाली, "पेपर घ्या हातात. आणि भिंग लावून टिकली कापायला वाकता तसे वाका."

अप्पांनी वरचा दिवा लावायला सांगितला, कारण करायचं तर नीट. पेपर मांडीवर ठेवला, भिंग लावलं आणि वाकले. आणि त्यांना दिसलं. अक्षरांवर त्यांच्या डोक्याची सावली पडली होती, अख्खा रकाना झाकणारी.

"खोलीत दिवे वरून आहेत," सून हळू आवाजात सांगत होती. "उजेड इतका की सावलीतही तुम्हाला शिरा दिसत होत्या, म्हणून कळलं नाही. कापल्यावर वेळ घालवू नका, एवढंच मी सांगितलं. कापायच्या आधीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः घाईनं कापते, चटकन हात घालून मोकळी होते, म्हणून माझ्या बाबतीत हे कधी झालंच नाही. तुम्ही जागा हेरत वाकून राहायचात. तेवढ्यात पानाला वाटायचं उजेड गेला, आणि कामगार पेंगायचे. झोपलेले कामगार तुम्ही अगदी स्वच्छ कापून मला देत होतात."

"आणि मी आणखी जपून करायला लागलो तेव्हा..."

"तेव्हा आणखी झोपले."

दुकानात अप्पांचा दिवा कायम डावीकडे असायचा, हाताची सावली कामावर पडू नये म्हणून. जन्मभर त्यांनी हे सांभाळलं होतं. आणि इथे डोकंच आड आलं. आता त्यांना राग आला, पण सावलीचा नाही.

"त्या दिवशी मागे उभी होतीस. तेव्हाच दिसलं तुला."

"हो."

"आणि छान चाललंय म्हणालीस."

"माझी हिंमत झाली नाही, अप्पा." तिचा आवाज चढला, ती रडवेली झाली की चढायचाच. "तुम्ही जेवायला लागला होतात. बोलायला लागला होतात. आई गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही मला माझ्या कामाबद्दल विचारत होतात. आणि मी येऊन सांगू, की तुमच्या हातांनी सगळं बिघडतंय? मला भीती वाटली तुम्ही परत या खुर्चीत येऊन बसाल."

"मग आत्ता कुठे बसलोय?"

तिनं खुर्चीकडे पाहिलं.

"घड्याळ बिघडलं असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं असतं," अप्पा म्हणाले. "आणि दुकानात कामाला ठेवलेला चुकला, तर त्यालाही तोंडावर सांगायचं. मी सांगायचो. शिव्यासुद्धा घालायचो. का? तर त्यानं पुढच्या वेळी नीट करावं म्हणून. ज्याच्याकडून काही होणार नाही असं मी धरून चाललो, त्याला मात्र कधी बोललो नाही. त्याला गोड बोलून घरी पाठवलं." त्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं. "तू मला गोड बोललीस. हातात खुळखुळा दिलास आणि मी तो रोज वाजवत बसलो. शेजाऱ्यालासुद्धा वाजवून दाखवला."

सून रडली. अप्पांनी तिला रडू दिलं. समजूत घालण्याइतके ते अजून निवळले नव्हते, आणि तीही काही दाखवण्यासाठी रडत नव्हती.

"चुकले मी," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, आता तुमची सवय काय बदलणार."

"मलाही तेच वाटतंय," अप्पा म्हणाले. "पण ते तू मला विचारायला हवं होतंस."

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बसनं गेले. बसमध्ये अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "त्या जुन्या पानांचं काय झालं? अंधारातून उजेडात आणलेल्या? भरतात का नवे कामगार?"

"थोडे भरतात. फार नाही. आणि वेळ लावतात."

"हं हं," अप्पा म्हणाले.

खोलीत तिनं एक बुटकं स्टूल आणून ठेवलं. त्यावर बसलं की डोकं पानांच्या खाली राहायचं. "वरून बघायचंच नाही," ती म्हणाली. "पान उलट्या बाजूनं हाताला लावून बघा. शिरा खालच्या बाजूला फुगीर असतात, बोटाला लागतात."

"म्हणजे न बघता कापू?"

"न बघता."

अप्पांनी आयुष्यात न बघता काहीही केलं नव्हतं. त्यांनी पानाखाली बोट फिरवलं. शिर लागली, मग सपाट जागा, मग परत शिर. पंच लावला. टिकलीच्या मधोमध जाड शिर निघाली. दुसरी फाटली. तिसरीच्या वेळी पंच निसटून कुंडीत पडला, आणि अप्पांनी दुकानात नोकराला घालायचे ती शिवी स्वतःला घातली. या वयात परत उमेदवारी करायची म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच कळलं. कान लाल झाले होते, आणि सून समोर उभी राहून सगळं बघत होती. आज ती छान म्हणत नव्हती. "शिर आली," म्हणायची. "फाटली," म्हणायची. बास.

पुढची मात्र नीट कापली गेली. नळी धुरात गेली. अप्पांनी नंबर घातला, काटकोन काढला.

"ही आत्ताच लावू," सून म्हणाली.

तिनं त्यांच्यासमोर नळीचं झाकण उघडलं. अप्पांनी पहिल्यांदाच ते उघडताना पाहिलं. तिनं टिकली कुस्करली, रस काढला, त्यात थेंब थेंब काय काय घातलं आणि यंत्रात ठेवलं. पडद्यावर एक रेघ वर चढू लागली. अप्पांना रेघेतलं काही कळत नव्हतं, म्हणून ते सुनेच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांचे हात मांडीवर होते, आणि त्यांना जाणवलं की उजवा किंचित कापतोय. त्यांनी तो झाकला नाही.

रेघ थांबली. सुनेनं आकडा वाचला. तिनं ओठ घट्ट मिटले, आणि अप्पांना वाटलं, आता ही हसून काहीतरी गोड बोलणार.

"कमी आहे, अप्पा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा बराच कमी. डोकं नाही आलं आड, पण पंच लावताना कोपर पानाच्या वर येतोय तुमचा. त्याची सावली पडतेय."

अप्पांना फार बरं वाटलं. दुकान सुटल्यापासून कुणी त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, टेबलावर ठेवून दिलं आणि पंच पुसायला घेतला.

"कुठला कोपर?" त्यांनी विचारलं.

"डावा."

अप्पांनी स्टूल उजवीकडे सरकवलं, खाली बसले आणि पुढच्या पानाखाली हात घातला.